एका गाण्याचे धनी

काही माणसांना परमेश्वर ढीगभर गुण देतो आणि लोक त्यांतला एकच लक्षात ठेवतात. कधीकधी तर तोही ठेवत नाहीत, भलतंच काहीतरी ठेवतात. आमच्या आळीतल्या एका वैद्यांनी आयुष्यभर हजारो लोकांच्या नाड्या तपासल्या. पण गावात त्यांची ओळख “ते नाही का, ज्यांची गाय विहिरीत पडली होती” अशीच राहिली. पुढे गाय निघाली, वैद्य गेले, विहीरही बुजली. ओळख मात्र अजून काठावर उभी आहे.

गावांचंही असंच असतं. पुण्यात कुणाला “मी हिंगणघाटचा” असं सांगितलं की समोरचा आधी “हिंगोली का?” म्हणतो. “नाही, हिंगणघाट. वर्धा जिल्हा.” “अच्छा, म्हणजे सेवाग्राम!” असं म्हणून तो आपल्याला परस्पर गांधीजींच्या हवाली करतो आणि मोकळा होतो. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक की, एके काळी आमच्या गावाचं नाव इंग्लंडातल्या लिव्हरपूलच्या कापूसबाजारात घेतलं जात होतं! अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी माजली, तिकडचा कापूस अडला आणि इंग्रज गिरणीवाल्यांना एकदम आमच्या काळ्या मातीचा उमाळा आला. ‘हिंगणघाट’ हे तेव्हा नुसतं गावाचं नाव नव्हतं, कापसाच्या जातीचं नाव होतं. देशी कापसात हा उत्तम, असं साहेब लिहून गेला आहे. गावानं जगाच्या मैफलीत म्हटलेलं हे एकच गाणं. ते ‘वन्स मोअर’ घेऊन गेलं आणि मग मैफल दुसरीकडे सरकली. त्याच लिव्हरपूलनं पुढे जगाला बीटल्स दिले. आम्ही तिकडे कापूस पाठवला, त्यांनी गाणी पाठवली. व्यवहार फिटला म्हणायचा.

आणखी एक मानकरी आमच्या गावात झोपला आहे. विल्यम लॅम्बटन. या माणसानं १८०२ साली मद्रासेजवळून हिंदुस्थान मोजायला घेतला. भलीमोठी दुर्बीण बैलांवर, माणसांवर लादून, टेकड्या चढवत, त्रिकोणामागून त्रिकोण आखत तो उत्तरेकडे सरकत राहिला आणि हैदराबादेहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला. मोजणी पुढे त्याच्या हाताखालच्या एव्हरेस्टनं चालवली. १८६५ साली जगातल्या सर्वांत उंच शिखराला नाव देण्यात आलं ते एव्हरेस्टचं. लॅम्बटनला हिंगणघाटात थडगं मिळालं. लहानपणी हे वाचलं तेव्हापासून माझी त्या माणसाशी एक प्रकारची सोयरीक आहे. सुरुवात एकानं करायची आणि नाव दुसऱ्याच्या पदरात पडायचं, हे दुःख मला घरबसल्या समजत होतं. का, ते सांगतो. पण त्याआधी माझा नातू, कूलर आणि एक इंग्रज वाद्यवृंद यांना आत येऊ द्या.

२०२४ च्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्याकडचा मे म्हणजे काय, ते ज्यानं भोगलं त्यालाच सांगावं, आणि त्याला सांगायची गरज नसते. दुपारी बारानंतर रस्त्यावर फक्त दुपट्टे चालताना दिसतात. आत माणूस आहे हे अनुमानानं ताडायचं. अशा दुपारी मी ओल्या वाळ्याच्या वासात कूलरसमोर पडलो होतो आणि पुण्याहून सुट्टीला आलेला नातू मोबाइलवर काहीतरी वाजवत होता. पेटीसारखं, पण पेटीच्या आजोबांसारखं खोल, संथ, गंभीर. मी उठून बसलो.

“कुणी वारलं का रे?”

“आबा, हे क्लासिक आहे. प्रोकॉल हॅरम.”

मला आधी ते एखाद्या पोटसाफीच्या चूर्णाचं नाव वाटलं. नातवानं खुलासा केला की हा वाद्यवृंद आहे आणि त्यांनी हे नाव एका ओळखीच्याच्या मांजराच्या वंशावळीतून उचललं. वर लॅटिनच्या पंडितांच्या मते ते व्याकरणदृष्ट्या चूक आहे. मांजराला व्याकरण येत नसणार, हे मी समजू शकतो. पण तिकडे मांजरांनाही वंशावळ असते आणि आमच्याकडे सातबाऱ्यावर आजोबांचं नाव चढवायला तीन हेलपाटे पडतात, हा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही.

“आणि गाण्याचा अर्थ काय?”

“नाव आहे ‘अ व्हायटर शेड ऑफ पेल’. म्हणजे... फिकटपणाची आणखी पांढरी छटा.”

“नीळ कमी पडलेलं धोतर,” मी म्हणालो. “पुढे?”

पुढचा अर्थ नातवाला सांगता आला नाही. आणि त्यानं दिलेल्या माहितीनुसार गेली सत्तावन्न वर्षं तो कुणालाच धड सांगता आलेला नाही. गीतकार कीथ रीड यांनी म्हणे एका पार्टीत कुणीतरी एका बाईला उद्देशून हे शब्द बोलताना ऐकले आणि त्यांवर गाणं रचलं. हे रीडसाहेब वाद्यवृंदाचे रीतसर सभासद, पण वाद्य एकही वाजवत नसत. आमच्या आळीच्या गणेशमंडळात असे सभासद चाळीस होते, पण त्यांतला एकही गाणं लिहीत नव्हता, हा फरक.

मग नातवानं सगळी कुंडलीच मांडली. गाणं बाजारात आलं १२ मे १९६७ रोजी. जूनमध्ये विलायतेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि तिथे सहा आठवडे मांडी ठोकून बसलं. जगभर एक कोटीच्या वर तबकड्या खपल्या. मंडळींचा हा पहिलाच प्रयत्न! वाद्यवृंद पुरता जमायच्या आधीच गाणं गाजलं होतं. रेकॉर्डिंगच्या वेळी ढोल बडवायला भाड्यानं माणूस आणला होता, आणि गाणं शिखरावर असतानाच गिटारवाला आणि ढोलवाला बदलले. पुढे त्यांनी त्याच वर्षी ‘होम्बर्ग’ नावाचं दुसरं गाणं काढलं. होम्बर्ग म्हणजे एक प्रकारची टोपी. ती सहाव्या क्रमांकापर्यंत पोचली. मग दहा वर्षं मोठमोठ्या चाली बांधल्या, कॅनडातल्या एडमंटनला अख्ख्या सिंफनी वाद्यवृंदाबरोबर कार्यक्रम केला, जाणकारांनी माना डोलावल्या, पण लोक म्हणत, “ते सगळं ठीक आहे हो, ते फिकटवालं होऊ द्या.” १९७७ साली मंडळी पांगली. १९९१ साली पुन्हा जमली. लोक पुन्हा म्हणाले, “ते फिकटवालं...”

इथे मी नातवाला थांबवलं, कारण माझ्या छातीत काहीतरी हललं होतं. १९६७! भाद्रपद! आमचं ‘डासाचं गाणं’!

तर आता दादा. माझा थोरला भाऊ. १९६७ साली तो अठरा वर्षांचा आणि मी चौदाचा. घरात एक पायपेटी होती, तिचा एक सूर कायम रडायचा. आणि माझ्याकडे एक जुना बुलबुलतरंग होता. त्याला आम्ही ‘बेंजो’ म्हणायचो. टाइपरायटर आणि सतार यांच्या लग्नातून झालेलं ते अपत्य. मी तो सहा रुपयांना घेतला तेव्हा त्याच्या निम्म्या कळा गळालेल्या होत्या. गणपतीच्या मेळ्यासाठी दादानं एक विनोदी गाणं रचलं. डास हा सावकार आहे, रात्री वसुलीला येतो, मुद्दल रक्तात घेतो आणि व्याज खाजेत, अशी कल्पना. शब्द दादाचे, चाल दादाची, गळा दादाचा. या बाबतीत माझा काहीही वाद नाही.

वाद आहे तो सुरुवातीच्या अर्ध्या मिनिटाचा.

तालमीच्या रात्री वीज गेली. कंदील शोधायला सगळे उठले. अंधारात मी एकटा बेंजो मांडीवर घेऊन बसलो होतो. कळा नाहीत म्हणून हातातला चहाचा चमचा मी तारेवर टेकवला, दुसऱ्या हातानं नखी भराभर फिरवली आणि चमचा वर सरकवत नेला. “झुंऽऽऽऽ.” अस्सल डास! चमचा मागे, डास दूर. चमचा पुढे, डास कानाशी. आणि अंधारात आमच्या ढोलकीवाल्यानं खरोखरच फाट्कन स्वतःच्या गालावर मारली. कंदील आला तेव्हा सगळे हसून लोळत होते. दादा म्हणाला, “राहू दे बे हे. इथूनच सुरू करू.”

इथूनच सुरू केलं. गणपतीच्या पाचव्या रात्री मांडवात माणूस मावत नव्हता. माझा डास उडाला, ढोलकीवाल्यानं गालावर मारली आणि दादानं तोंड उघडायच्या आधीच मांडव कोसळला. कापडी नव्हे, हसून. त्या रात्री अकरा वेळा ‘वन्स मोअर’ झाला. शेवटच्या वेळी ढोलकीवाल्याचा गाल सुजलेला होता.

आणि दादा प्रसिद्ध झाला. समुद्रपूर, पुलगाव, आर्वी, पार वणीपर्यंत बोलावणी आली. बारसं असो, साखरपुडा असो, कुणी नोकरीतून निवृत्त होवो, “दादा, डास होऊन जाऊ द्या!” एका मयताच्या तेराव्याला जेवणं आटोपल्यावर एका पाहुण्यानं अगदी हळू आवाजात विचारलेलं मी स्वतः ऐकलं आहे, “भाऊ, हरकत नसेल तर...”

दुसऱ्या वर्षी दादानं मोठ्या उमेदीनं ‘ढेकूण’ काढला. तिकडे जशी टोपी, तसा इकडे ढेकूण. टोपी निदान सहाव्या क्रमांकापर्यंत गेली. आमचा ढेकूण तिसऱ्या रांगेच्या पुढे सरकला नाही. शिवाय ढेकणाला आवाज नसतो. बेंजोवर मी काय वाजवणार? लोकांनी ढेकूण शांतपणे ऐकून घेतला आणि डास मागितला.

मग दादा गंभीर झाला. गिरणीत पाळी करून रात्री पेटी घेऊन बसायचा. वणेच्या पुरावर, पऱ्हाटीच्या बोंडांवर, आईवर त्यानं चाली बांधल्या. चांगल्या होत्या. मला आजही त्यांतल्या दोन पाठ आहेत. घरात आई, वहिनी आणि मी, एवढेच त्यांचे श्रोते. एकदा तो आवाजाची चाचणी द्यायला मोठ्या शहरात गेला. भावगीत म्हटलं. परीक्षकांनी डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, “आपण कुठले?” “हिंगणघाटचा.” परीक्षकांचे डोळे एकदम उघडले. “म्हणजे ते डासाचं तुम्हीच का?” त्या रात्री दादा घरी आला तो सरळ अंगणात जाऊन बसला. डास चावत होते. त्यानं एकही मारला नाही.

आता तुम्ही म्हणाल, यात तुझं काय गेलं? माझं एवढंच गेलं की, गावात कुणालाही विचारा, डासाच्या गाण्यात काय आवडतं? प्रत्येक जण आधी तोंडानं “झुंऽऽ” करतो. शब्द फार थोड्यांना आठवतात. “झुंऽऽ” सगळ्यांना आठवतं. आणि त्या “झुंऽऽ”चं श्रेय सगळ्यांनी दादाला देऊन टाकलं. सत्कारांच्या भाषणांत “आपल्या कल्पक प्रतिभेनं त्यांनी डासाचा हुबेहूब आवाज...” असं म्हटलं जायचं आणि मी खाली तिसऱ्या रांगेत, ढेकणाच्या जागी, टाळ्या वाजवायचो. दादानं कधी “नाही, तो लहान्याचा” असं म्हटलं नाही. मी कधी मागितलं नाही. भावाभावांत असं मागायचं नसतं, असं आईनं शिकवलं होतं. आणि मनातून काढून कसं टाकायचं, ते मात्र शिकवायचं राहून गेलं होतं.

“आबा, खरी गंमत पुढे आहे,” नातू म्हणाला. “ऑर्गनवाल्यानं केस केली.”

मी कूलर बंद केला. उकडलं तर उकडो.

त्या गाण्याच्या सुरुवातीचा जो गंभीर ऑर्गन, ज्यात बाख नावाच्या जुन्या जर्मन उस्तादांची छाया आहे, तो वाजवला मॅथ्यू फिशर यांनी. पण गाण्यावर नावं दोनच: शब्द रीड यांचे आणि संगीत गायक गॅरी ब्रूकर यांचं. फिशरसाहेबांनी १९६९ मध्ये वाद्यवृंद सोडला, पुढे पुन्हा आले, पुन्हा गेले, आणि २००५ साली, म्हणजे तब्बल अडतीस वर्षांनी, दावा ठोकला की ती सुरावट माझी आहे, सबब संगीताच्या मालकीत माझा हिस्सा काढा.

वाचकहो, आमच्या भागात धुऱ्याचं भांडण नावाचा एक खेळ पिढ्यान्‌पिढ्या खेळला जातो. दोन भावांच्या शेतांमधली हातभर रुंदीची जमीन. तिच्यात पिकत काही नाही, पण तिच्यापायी दोन्ही शेतं वकिलाच्या घरी पिकतात. अर्ध्या मिनिटाचा हा धुरा थेट लंडनच्या हायकोर्टात गेला. ब्रूकर म्हणाले, फिशर यायच्या आधीच मी चाल बांधून ठेवली होती. (दादाही हेच म्हणाला असता. आणि ते खरंही आहे!) २००६ च्या डिसेंबरात निकाल लागला: फिशर हे सहरचनाकार आहेत, संगीतात त्यांचा हिस्सा चाळीस टक्के. ब्रूकर अपिलात गेले. २००८ साली अपिलाचं कोर्ट म्हणालं, रचनाकार म्हणता ते खरं. पण अडतीस वर्षं झोपला होतात का? पैसे मिळणार नाहीत. मग फिशर हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये गेले. ३० जुलै २००९ रोजी पाच न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की, उशीर झाला एवढ्यानं हक्क बुडत नाही. मागचं मिळणार नाही, पण दाव्यापासून पुढे हिस्सा मिळेल. आणि योगायोग पाहा, त्याच वर्षी तिकडे जाहीर झालं की, गेल्या पंचाहत्तर वर्षांत विलायतेत सार्वजनिक ठिकाणी सर्वांत जास्त वाजलेलं गाणं हेच!

“उशीर झाला एवढ्यानं हक्क बुडत नाही.” मी हे वाक्य नातवाकडून दोनदा वदवून घेतलं. फिशर अडतीस वर्षं थांबले. माझी सत्तावन्न झाली होती. कागद घेतला. दादाची गाण्यापासूनची मिळकत मांडली. शाली अकरा. नारळ असंख्य, पण ते नाशवंत. एक टेबलफॅन. एक गजराचं घड्याळ, जे कधी वाजलं नाही. स्टीलचे पेले सहा. रोख एकंदर अदमासे सातशे रुपये. चाळीस टक्क्यांनी माझ्या वाट्याला चार पूर्णांक चार दशांश शाली, दोन पूर्णांक चार दशांश पेले आणि टेबलफॅनचं एक पातं यायला हवं होतं.

सौ. चहा घेऊन आली. तिनं कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “भाऊजींना हल्ली जेवलो की नाही ते आठवत नाही. आणि तुम्ही त्यांच्याकडे शाली मागणार?”

खरं म्हणजे कागद मांडायचं कारणही तेच होतं. गेली दोन वर्षं दादा विसरायला लागला होता. आधी चष्मा विसरला, त्यावर आम्ही हसलो. मग एकदा पेटीचं झाकण शोधत घरभर फिरला आणि ते त्याच्या काखेतच होतं, तेव्हाही हसलो. मग एक दिवस त्यानं मला बाबांच्या नावानं हाक मारली. तेव्हा कुणी हसलं नाही. त्या अंधाऱ्या रात्रीचे साक्षीदार तसे मोजकेच. आई गेली, ढोलकीवाला त्याच्या गालासकट गेला. चमचा कुणाच्या हातात होता, हे जगात ठाऊक असलेला एकच माणूस उरला होता, आणि तो रोज थोडं थोडं पुसत चालला होता. तो विसरला की माझा दावाही गेला. मग लॉर्ड आले काय आणि त्यांचे वडील आले काय!

त्याच आठवड्यात दादाचा अमृतमहोत्सव होता. पुतण्यांनी मंगल कार्यालय घेतलं होतं. संध्याकाळी सातलाही भिंतींना हात लावला तर पोळावा, असा उकाडा. माळ्यावरून मी बेंजो काढला. दोन तारा शिल्लक होत्या. एक झटकली तशी तुटली. उरली एक. सौ.नं विचारलं, “हे कशाला?” मी म्हटलं, “पुरावा.”

जेवणाआधी भाषणं झाली. “आपल्या कल्पक प्रतिभेनं त्यांनी डासाचा हुबेहूब आवाज...” हे झालंच. मी खिशातला चमचा चाचपला. मग सभागृहातून अपेक्षित आरोळी उठली, “दादा, डास!” दादाच्या पुढे पेटी ठेवली. तो हसला. भाता धरला. बोटं पट्ट्यांवर ठेवली.

आणि काही झालं नाही.

भाता चालत होता, पेटीतून एकच सूर लांबत होता, तोच तो रडका सूर, आणि दादा पट्ट्यांकडे पाहत होता. माणूस आपल्याच घराच्या दारात उभा राहून किल्ली कुठे ठेवली ते आठवतो, तसा. लोकांना आधी ती गंमत वाटली. मग कुजबुज सुरू झाली. वहिनींनी पदर तोंडाला लावला. दादानं मान वर करून सगळ्या सभागृहावरून नजर फिरवली. तो कुणाला शोधत होता ते मला कळलं, पण उठायला गुडघ्यांनी थोडा वेळ घेतला. एकाहत्तरीतल्या गुडघ्यांना प्रसंगाचं गांभीर्य नसतं.

मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. बेंजो मांडीवर. चमचा तारेवर. “झुंऽऽऽऽ.”

डास दूरून आला, दादाच्या कानाजवळ घोटाळला. गालावर मारायला ढोलकीवाला नव्हता. ते काम पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या नातवानं केलं, आणि जरा जोरातच केलं. त्या आवाजासरशी दादाची बोटं हलली. पहिलं कडवं, दुसरं कडवं, सावकार, मुद्दल, व्याज, सगळं, एका शब्दाचीही चूक न करता. पंचाहत्तराव्या वर्षी आवाज फाटला होता, पण डासाच्या गाण्याला फाटका आवाज शोभतो. ‘वन्स मोअर’ आला. मी पुन्हा चमचा टेकवला.

रात्री सगळे गेल्यावर आम्ही दोघे गच्चीत खाट टाकून पडलो. वारा नव्हता. मी त्याला त्या विलायती मंडळींची सगळी हकिकत सांगितली. मांजर, टोपी, ऑर्गन, कोर्ट, चाळीस टक्के. गॅरी ब्रूकर २०२२ साली गेले आणि कीथ रीड २०२३ साली, हेही सांगितलं. दादा बराच वेळ गप्प होता. मला वाटलं, झोपला.

“वणीचा कार्यक्रम आठवते तुले?” तो एकदम म्हणाला.

“मी नव्हतो वणीला. माझी मॅट्रिकची परीक्षा होती.”

“तेच सांगून राहिलो. तू नव्हता. मले सुरूच करता येईना. तोंडानंच ‘झुंऽऽ’ केलं, तवा कुठं जमलं. तवापासून जिथं तू नसे, तिथं मी आधी तोंडातल्या तोंडात ‘झुंऽऽ’ करत असो. कोणाले ऐकू जात नव्हतं.” थोडं थांबून तो म्हणाला, “चाळीस टक्के काय मागतो बे लहान्या? डास त तुझाच होता. मी त निसता त्याले मारून राहिलो होतो.”

मी काही बोललो नाही. बोलता येण्यासारखं नव्हतं. तेवढ्यात एक खराखुरा डास माझ्या कानाशी येऊन गेला. सूर थोडा चढा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्या एक गाठोडं घेऊन आला. “बाबांनी पाठवलं. म्हणाले, हिशेब मोजून घे.” सोडून पाहिलं. चार शाली होत्या, दोन स्टीलचे पेले होते आणि वर घडी घालून ठेवलेला एक सुती दुपट्टा.

“हा दुपट्टा कशाचा?” सौ.नं विचारलं.

“पॉइंट चारचा,” मी म्हणालो, आणि तो डोक्याला गुंडाळून भर उन्हात दादाकडे निघालो. टेबलफॅनच्या पात्याचं राहिलं होतं.